किल्लीच्या आधी पट्टा : खान्देशातल्या शाळा-कॉलेजांतल्या कामाच्या नोंदी

१६ जून २०२५

शाळा उघडल्या. काम चारचाकीतल्या पट्ट्याचं, म्हणजे सीटबेल्टचं. त्याची हद्द ठरवली. नववीचे विद्यार्थी, अठरा पूर्ण झालेली किंवा होत आलेली कॉलेजची मुलं-मुली, आणि शाळेच्या व्हॅनचे चालक. ठिकाणं जळगाव, भुसावळ, धुळे आणि शहादा.

रॅली नाही, चित्रकला स्पर्धा नाही, सामूहिक शपथ नाही. शपथ घेतलेली मुलगी ज्या गाडीतून घरी जाते, तिच्या मागच्या सीटवर बकलच सापडत नसेल तर त्या शपथेचं करायचं काय? म्हणून क्रम उलटा ठेवलाय. आधी पट्टा हाताला लागला पाहिजे, मग तो लावायची सवय, आणि समजावणं सगळ्यांत शेवटी, तेही थोडंच.

कायद्याचं टिपण दप्तरात असावं म्हणून इथे. केंद्रीय मोटार वाहन नियम १३८(३) : चालक, त्याच्या शेजारचा आणि पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवरचे, सगळ्यांना पट्टा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९४ब : पट्टा नसेल तर १,००० रुपये दंड, आणि चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा बालआसनाशिवाय असेल तर चालकाला वेगळे १,०००. मागच्या सीटचा पट्टा ऐच्छिक आहे, हा समज अजून सगळीकडे पक्का आहे. कायद्यात तसं काही नाही.

२० जून

निरीक्षणाचा तक्ता तयार केला. आडवे रकाने : वेळ, गाडीचा प्रकार, चालक, पुढचा प्रवासी, मागचे प्रवासी. प्रत्येक व्यक्तीपुढे तीन खुणा : लावलाय, नाही, दिसलं नाही. तिसरी खूण हवीच. काळ्या शर्टावर काळा पट्टा लांबून दिसत नाही, आणि संध्याकाळी पश्चिमेकडून येणाऱ्या उन्हात मागची काच नुसती चमकते. 'दिसलं नाही' हे 'नाही'त टाकलं की आकडा फुगतो आणि पुढे कशाशीच जुळत नाही.

समजा चाळीस गाड्यांत मागे ५२ जण बसलेले. त्यांतले ११ नीट दिसले नाहीत, ३ जणांनी पट्टा लावलेला. टक्का काढायचा तो ३ भागिले ४१, म्हणजे ७.३. भागिले ५२ नाही. पोरांना हे गणित आधी फळ्यावर करून दाखवायचं, मगच रस्त्यावर न्यायचं.

दोघांची जोडी. एक बोलतो, दुसरा लिहितो. एकानेच बघून लिहायचं ठरवलं तर मान खाली गेली की दोन गाड्या निसटतात. आणि निसटतात त्या नेहमी वेगात जाणाऱ्या, म्हणजे नेमक्या ज्या मोजायच्या त्याच.

२७ जून

जागा ठरल्या. जळगावला आकाशवाणी चौक आणि अजिंठा चौफुली, भुसावळला नाहाटा चौफुली, धुळ्याला देवपुरातलं नगावबारी. गाडी हळू होते पण थांबत नाही अशी जागा उत्तम. सिग्नलवर थांबलेल्या गाडीतले लोक निरीक्षकांकडे बघतात आणि पट्टा ओढून घेतात.

वाहतूक पोलिसांच्या जागेपासून किमान दोनशे मीटर लांब उभं राहायचं. कारण सरळ आहे. पोलीस दिसला की पुढचा प्रवासी पट्टा छातीवरून ओढतो आणि हाताने कमरेशी धरून ठेवतो, बकलमध्ये अडकवत नाही. चौक ओलांडला की सोडून देतो. बाहेरून तो लावलेलाच दिसतो. ओळखायची खूण म्हणजे उजवा हात कमरेजवळ मुठीत, आणि खांद्यावरचा पट्टा ढिला. पुढचा प्रवासी डावीकडे बसतो, त्याचं बकल त्याच्या उजव्या कमरेशी असतं, म्हणून हात उजवा.

वेळा : सकाळी शाळेच्या, दहाच्या सुमारास कॉलेजच्या, संध्याकाळी क्लास सुटतात तेव्हाच्या. एका वेळेला तासापेक्षा जास्त नको, डोळे थकतात आणि नोंद अंदाजाने होऊ लागते. निरीक्षक पदपथाच्या आतल्या बाजूला, रस्त्याकडे पाठ कधीच नाही. पाऊस आला तर नोंद बंद. ओल्या काचेतून मागचं काहीच दिसत नाही.

४ जुलै

पार्किंगमधली तपासणी. या कामातला सगळ्यांत मोठा भाग हाच आहे, म्हणून सविस्तर.

पालकसभेच्या दिवशी शाळेच्या आवारात ज्या चारचाक्या येतात त्यांची मागची दारं, मालकाची परवानगी घेऊन, उघडून बघायची. चार गोष्टी : पट्टा आहे का, बकल वर आहे का, टोक बकलमध्ये बसतं का, पट्टा ओढला की येतो आणि सोडला की जातो का. एका गाडीला तीन-चार मिनिटं पुरतात.

बहुतेक वेळा घोळ बकलचाच असतो. नवी गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात रेक्झिनचं कव्हर चढतं. कव्हर शिवणारा मागच्या बाकाला सलग तुकडा टाकतो, बकलं खाली दबून जातात. कोणी तक्रार करत नाही, कारण मागे पट्टा लावतंय कोण! पाच वर्षांनी त्याच गाडीतून मुलगी क्लासला जायला लागते तेव्हा पट्टा दाराजवळ लोंबतोय आणि अडकवायला जागा नाही, अशी अवस्था.

बकल वर काढायची पद्धत. बाकाची बैठक उचलायची. काही गाड्यांत ती पुढच्या कडेला दोन क्लिपांवर बसलेली असते : दोन्ही हात कडेखाली, क्लिपेच्या बरोबर वर, आणि सरळ वर झटका. काही गाड्यांत बैठक पुढून बिजागरीवर असते आणि मागून पट्टी ओढून उघडते. जोर लावण्याआधी कुठली ते बघा. चुकीच्या बाजूने ओढलं की प्लास्टिकची क्लिप तुटते आणि मग बैठक कायमची हलते. बैठक वर आली की बकलं सरळ करायची, बैठकीतल्या मूळच्या फटींतून वर घ्यायची, आणि कव्हरला त्या फटीवर १० ते १२ सेंमीचा काप द्यायचा. नुसता ब्लेडने काप दिला तर रेक्झिन फाटत जातं. कुशनवाल्याकडून कडेला पायपिंग मारून घ्यायची. काम किरकोळ आहे, तो हसून करून देतो.

मधलं आणि बाजूचं बकल अदलाबदल झालेलं असतं, हेही दिसतं. टोक आत जातं, 'खट्ट' आवाज येत नाही, आणि माणूस म्हणतो बकल खराब. शेजारचं लावून बघा. आवाज आला तरी एकदा जोराने ओढून खात्री करायची. अर्धवट बसलेलं टोक लहान झटक्याला टिकतं, मोठ्याला सुटतं.

बकलमध्ये काय काय निघतं : खारे शेंगदाणे, रुपयाचं नाणं, गोळीचा कागद, एकदा चक्क चिंचोका. चिमट्याने काढायचं, टॉर्च लावून. तेल किंवा ग्रीस घालायचं नाही. खान्देशातल्या काळ्या मातीची धूळ तेलावर बसली की त्याचा लगदा होतो आणि लाल बटण दाबलेलंच राहतं.

५ जुलै

सामानाची पेटी ठरली : टॉर्च, लांब टोकाचा चिमटा, धुण्याच्या चिमट्यांचा एक पुडा, सुती फडकी, भांड्यांचं साधं साबण, बादली, कात्री, मोजपट्टी. स्क्रू-ड्रायव्हर मुद्दाम नाही. पेटीत असला की कोणीतरी गाडीच्या दारांमधल्या खांबाचं झाकण उघडतंच.

११ जुलै

नववीच्या विज्ञानात पहिलाच धडा 'गतीचे नियम'. तो शिकवून होतोय तोवर उतारावरची गाडी दाखवली तर वेगळा तास मागावा लागत नाही.

साहित्य : १२० सेंमी लांब, २० सेंमी रुंद प्लायची फळी, जाडी १२ मिमी. दोन्ही कडांना बांबूच्या पट्ट्या, म्हणजे गाडी तिरकी होऊन खाली पडत नाही. २० बाय १० सेंमीची लाकडी गाडी, चार प्लास्टिकची चाकं. चिकणमातीची बाहुली, साधारण १०० ग्रॅम, ८ सेंमी उंच. बांधायला एक साधा शिवणाचा दोरा आणि एक सेंमी रुंद फीत. शेवटी भिंतीला टेकवलेल्या दोन विटा.

फळीचं एक टोक विटांवर. दोन विटा म्हणजे सुमारे १५ सेंमी, चार म्हणजे ३०, आठ म्हणजे ६०. घर्षण सोडलं तर खाली पोचतानाचा वेग अनुक्रमे ताशी ६.२, ८.७ आणि १२.३ किमी. प्रत्यक्षात थोडा कमीच भरतो. पोरांना विचारायचं, वेग दुप्पट करायला किती विटा? सगळे चार म्हणतात. उत्तर आठ. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते हे तिथे हाताने कळतं, फळ्यावर नाही.

तीन फेऱ्या : बाहुली सुटी, दोऱ्याने बांधलेली, फितीने बांधलेली. सुटी उडून विटेवर आदळते. दोऱ्याची जागेवर राहते, पण दोरा मातीत खोल रुततो, कधी बाहुलीचे दोन तुकडे होतात. फितीची जागेवर राहते आणि नुसता वळ उठतो. खरा पट्टा सुमारे ४७ मिमी रुंद का, आणि पिळलेला पट्टा का चालत नाही, हे त्या वळातच आलं.

बिघडतं कुठे? माती ओली असली की बाहुली गाडीला चिकटते, सुटी असूनही उडत नाही, आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, पट्टा नसला तरी काही होत नाही!" म्हणून खाली दुधाच्या पिशवीचा तुकडा, आणि माती पुरीच्या कणकेएवढी घट्ट. उतार जिथे संपतो तिथे गाडीचं नाक जमिनीत घुसतं. तिथे ३० सेंमी पुठ्ठा वाकवून चिकटवायचा. विटा भिंतीला नीट टेकल्या नसतील तर त्या सरकतात, धक्का सौम्य होतो आणि प्रयोग फसतो.

मग हिशोब. ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर. पडून तेवढा वेग यायला ५.१ मीटर उंची लागते. ७२ किमीला २०.४ मीटर. शाळा दोन किलोमीटरवर असली तरी रिंग रोडवर गाडी छत्तीसने जातेच.

१९ जुलै

रिट्रॅक्टरचा, म्हणजे पट्टा आत गुंडाळून घेणाऱ्या यंत्राचा, बोर्ड. "पट्टा अडकून बसतो" ही तक्रार सगळीकडे ऐकू येते आणि बहुतेक वेळा पट्टा ठणठणीत असतो. त्याची रचना डोळ्यांनी दिसली की तक्रार संपते.

भंगारवाल्याकडून जुना रिट्रॅक्टर घेतला. घेताना एकच अट : त्याला वायर किंवा पिवळं कनेक्टर नको. तशा रिट्रॅक्टरमध्ये पट्टा क्षणात घट्ट ओढणारं छोटं, स्फोटक दारू भरलेलं यंत्र असतं. ते न फुटलेलं असेल तर हाताळणं धोक्याचं. विद्यार्थ्यांच्या हाती ते कधीच द्यायचं नाही, आणि कुठलाही रिट्रॅक्टर उघडायचा नाही. आतली स्प्रिंग उसळून बोटं कापते.

४५ बाय ६० सेंमीची फळी, तिच्यावर रिट्रॅक्टर गाडीत बसतो तसाच उभा. याला महत्त्व आहे. आत एक पोलादी गोळी वाटीत बसलेली असते. गाडी जोरात ब्रेक मारते किंवा कलंडते तेव्हा गोळी सरकते आणि दातेरी चाकाला खीळ घालते. फळीवर तो आडवा बसवला तर गोळी कायम सरकलेली, पट्टा कायम कुलूपबंद, आणि बघणारा म्हणतो हा मेलेला आहे. दुसरी खीळ पट्ट्याच्या वेगावर चालते. झटक्याने ओढला की अडतो, सावकाश ओढला की येतो.

विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी करायच्या. सावकाश ओढा : येतो. झटका द्या : अडतो. आता फळी तिरकी करून सावकाश ओढा : तरीही अडतो. यावरून उताराला किंवा अर्धी रस्त्याच्या कडेला उतरवून उभी केलेल्या गाडीत पट्टा का येत नाही ते आपोआप समजतं.

अडलेला पट्टा सोडवायचा कसा, हे तोंडपाठ करून घ्यायचं : ओढत राहू नका. आधी पट्टा दोन बोटांइतका आत जाऊ द्या, मग सावकाश काढा.

२ ऑगस्ट

उद्या कानबाई, खान्देशातला श्रावणातला सण. कामाधंद्याला बाहेर असलेली भाऊबंदकी गावाकडे येते, पाच जणांच्या गाडीत आठ बसतात. या आठवड्यात शाळांत नवं काही सांगितलं नाही. एवढंच ठरवलं की मांडीवरच्या मुलाचा हिशोब फळ्यावर राहू द्यायचा.

दहा किलोचं मूल, गाडी ताशी ५० वर, धडकेत अर्ध्या मीटरात थांबली. मुलाला धरून ठेवायला लागणारं बल सुमारे १,९३० न्यूटन, म्हणजे जवळजवळ २०० किलो उचलल्याइतका जोर. आईच्या हातात किती आहे? आणि आईने मूल मांडीवर घेऊन दोघांवर एकच पट्टा लावला तर तिचं वजन मुलावर येतं, ते आणखी वाईट.

९ ऑगस्ट

शाळेच्या व्हॅन. महाराष्ट्रात २०११ च्या स्कूल बस नियमांनी प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. विषय तिथे मांडला, कारण तिथे मुख्याध्यापक आणि पालक एकाच टेबलावर असतात.

आधी मोजणी. व्हॅनमध्ये पट्टे किती, चालू किती, मुलं किती. मुलं पट्ट्यांपेक्षा जास्त असतील तर सवयीबद्दल बोलणं व्यर्थ; फेरी दोन करणं किंवा दुसरी गाडी लावणं हाच उपाय, आणि तो पालकांच्या खिशाशी जाऊन भिडतो. हे समितीत स्पष्ट बोललं गेलं पाहिजे. चालकाला एकट्याला दोष देऊन काही होत नाही, डिझेलचा भाव त्याने ठरवलेला नाही.

मोठ्यांचा पट्टा मुलाला कधी बसतो? उंची साधारण १४५ सेंमी झाली की. त्याआधी उंच आसन लागतं. मोजपट्टीपेक्षा ही तपासणी बरी : पाठ सीटला पूर्ण टेकलेली, गुडघे सीटच्या कडेला वाकलेले, कमरेचा पट्टा हाडांवर आणि पोटाच्या खाली, खांद्याचा पट्टा खांद्याच्या मधोमध. यातलं एकही जुळत नसेल तर पट्टा मानेला घासतो, मूल तो काखेखालून घेतं, आणि धडकेत सगळा भार बरगड्यांवर येतो. पट्टा पोटावर असेल तर शरीर खालून घसरतं आणि आतड्यांना इजा होते.

एका पट्ट्यात दोन मुलं बसवणं दिसायला व्यवस्थित वाटतं. धडकेत दोघांची डोकी एकमेकांवर आपटतात.

व्हॅनचालकांशी बोलताना भाषा महत्त्वाची. "काका, पट्टे दुरुस्त करून देतो, तुम्ही फक्त गाडी अर्धा तास द्या" असं म्हटलं तर गाडी मिळते. नियम वाचून दाखवले तर मिळत नाही.

२३ ऑगस्ट

कॉलेजचा गट. इथे वाद होतो आणि तो होऊ द्यावा.

पहिलं म्हणणं : "गाडीत सहा एअरबॅग आहेत." एअरबॅग पट्ट्याला पूरक म्हणूनच बनवलेली असते. ती डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते. पट्टा नसलेलं शरीर ब्रेकमुळे आधीच पुढे आलेलं असतं, आणि फुगणाऱ्या पिशवीचाच मार बसतो. स्टीअरिंगच्या मधोमध आणि छातीमध्ये किमान २५ सेंमी अंतर हवं. मोजपट्टी काढून प्रत्येकाचं मोजलं. उशी पाठीमागे ठेवून पुढे सरकून बसणारे यात सापडतात.

दुसरं : "मागे बसलो तर काय होतंय." रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात पट्टा न लावल्याने गेलेले १६,७१५. त्यांत चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१. जवळजवळ अर्धेअर्धे. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला; गाडी महागडी होती, मागे बसलेले दोघे पट्ट्याविना होते, दोघेही गेले, पुढचे दोघे वाचले. शिवाय मागचा सुटा माणूस पुढच्या सीटवर आदळतो आणि पट्टा लावलेल्या पुढच्यालाही घेऊन जातो.

तिसरं म्हणजे आवाज बंद करणारी नकली क्लिप. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटना पट्टा नसला की वाजणारी सूचना बंधनकारक आहे. आवाज नको म्हणून नुसती धातूची पट्टी बकलमध्ये खोचतात. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना या क्लिपा काढून टाकायला लावल्या. तरी चौकातल्या ॲक्सेसरीच्या दुकानात मिळतातच. क्लिप खोचलेली असली की खरं टोक लावायचं मनात आलं तरी आधी ती उपसावी लागते, आणि तेवढ्या आळसात पट्टा राहून जातो. कोणाकडे असेल तर तिथल्या तिथे काढून पेटीत टाकायची. त्यावर भाषण नको.

अठराच्या आतल्यांसाठी कलम १९९अ सांगितलं. गाडी अल्पवयीनाने चालवली तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. दंडाने कोणी हललं नाही. पंचविशी ऐकून वर्ग शांत झाला.

६ सप्टेंबर

पांढरा शर्ट. मुलींनी आणि मुलांनी सारखीच तक्रार केली : पट्टा लावला की गणवेशावर खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका मळकट डाग उमटतो. घरी बोलणी बसतात. मागच्या सीटचा पट्टा वर्षानुवर्षं न वापरल्याने धुळीने भरलेला असतो, त्यात पावसाळ्यात घाम. ही सबब नाही, खरी अडचण आहे.

धुण्याची रीत : पट्टा पूर्ण बाहेर ओढायचा, खांबाजवळच्या कडीपाशी धुण्याचा चिमटा लावायचा म्हणजे आत जात नाही. कोमट पाणी, थोडं साबण, फडक्याने वरून खाली पुसायचं. ब्लीच नाही, पेट्रोल नाही, थिनर नाही. धागा कमजोर होतो आणि ते दिसत नाही. साबण नुसत्या पाण्याच्या फडक्याने काढून सावलीत वाळवायचं, दारं उघडी ठेवून. ओला पट्टा आत गेला तर बुरशी धरतो आणि वास सुटतो. वाळायला निदान अर्धा दिवस. रविवार बरा.

पट्टा सोडल्यावर हळूहळू जातो, दारात अडकतो, ही जोडीची तक्रार. दोष बहुधा स्प्रिंगचा नसतो. खांबावरच्या वरच्या कडीत मळाचा चिकट थर बसलेला असतो. फडक्याची पट्टी ओली करून कडीतून बुटाला पॉलिश मारतात तशी मागेपुढे ओढायची. काळं पाणी निघतं, आणि पट्टा सर्रकन आत जायला लागतो.

कडा उसवलेला, कापलेला किंवा मोठ्या अपघातात ताणलेला पट्टा धुऊन उपयोग नाही, बदलायचा. शिंप्याकडून शिवून आणलेला पट्टाही बघायला मिळाला. शिवण त्या ताणाला टिकत नाही.

२० सप्टेंबर

सवय. "पट्टा लाव" हे सांगून लागत नाही, कशाला तरी जोडावं लागतं. क्रम ठरवला : दार, सीट, आरसे, पट्टा, किल्ली. पट्टा किल्लीच्या आधी, कारण इंजिन चालू झालं की पाय आपोआप क्लचवर जातो आणि मन रस्त्यावर. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्यांत हाच क्रम डॅशबोर्डवर चिकटवला. शिकाऊ लायसन्सनंतर पक्क्या परीक्षेआधीचे किमान तीस दिवस हीच सवय लागायची खरी वेळ.

मागच्यांसाठी हजेरी. चालक विचारतो "पट्टे?" आणि प्रत्येक सीटवरून "हजर" यायचं. उत्तर आलं नाही तर गाडी हलत नाही. मित्रांत हे चालतं, थट्टेत चालतं. घरात अडतं, कारण एकोणीस वर्षांचा पोरगा मामाला हुकूम कसा सोडणार? तिथे सांगायचंच नाही. पट्ट्याचं टोक ओढून मामाच्या हातात द्यायचं. हातात आलेलं टोक माणूस परत सोडत नाही, लावतोच. आजीला तर आपणच लावून द्यायचा, पदर मोकळा करून, कमरेचा भाग साडीच्या गाठीखाली बसेल असा.

गावाकडून मिळणारं उत्तर ठरलेलं : "आठेच जानं शे, पट्टा कसाले?" (इथेच जायचंय, पट्टा कशाला?) त्याला उत्तर म्हणून पोरांनी स्टिकर केलं : "गाडीमा बसा, पट्टा कसा." छापील घोषवाक्यांपेक्षा हे जास्त चिकटलं, अक्षरशः. मागच्या दाराच्या आतल्या बाजूला लावायचं, बाहेर नाही. बाहेरचं स्टिकर दुसऱ्यांसाठी असतं.

१८ ऑक्टोबर

कापूस वेचणी सुरू. पिकअप चालवणारी पोरं बहुतेक विशीतली. केबिनमध्ये पट्टे दोन, माणसं तीन, आणि मागे हौद्यात मजूर. हौद्यातल्यांसाठी पट्ट्याच्या कामाकडे काहीही उत्तर नाही. मालवाहू गाडीत मागे माणसं नकोत, एवढंच खरं, आणि ते शेतमालकाशी बोलायचं काम आहे. तसंच धडगावकडच्या जीपमधली समोरासमोरची बाकं : त्यांना नियम १३८(३) लागतच नाही, पट्टेही नसतात. या दोन्ही गोष्टी कामाच्या हद्दीबाहेर म्हणून लिहून ठेवल्या. पोस्टरवर सगळं सुटल्यासारखं दाखवू नये.

केबिनमधल्या दोघांचं मात्र होतं. पिकअपमध्ये पट्टा बहुधा सीटमागे सरकवून त्यावर रुमाल टाकलेला असतो. काढून धुतला, बकल साफ केलं, की निम्मी पोरं लावतात. निम्मी म्हणतात, उन्हात बकल चटका देतं. खरंय, इथल्या एप्रिल-मेमध्ये पंचेचाळीसच्या घरात पारा असताना धातूचं टोक हात लावू देत नाही. उपाय : गाडी उभी करताना पट्टा पूर्ण आत जाऊ द्यायचा, टोक सावलीच्या बाजूला, बकलवर सुती फडकं.

६ डिसेंबर

दुसरं निरीक्षण. त्याच जागा, सकाळची सोडून त्याच वेळा, त्याच जोड्या. जूनमधली नोंद शाळेच्या दिवसाची होती, म्हणून हीही शाळेच्याच दिवसाची. लग्नतिथ टाळली, वऱ्हाडाच्या गाड्या मिसळल्या की तुलना मोडते. सारंगखेड्याची घोडेयात्रा चालू असताना शहादा रस्त्यावर मोजणी नाही, तेव्हा रस्त्यावर बाहेरगावच्याच गाड्या जास्त.

डिसेंबरात सकाळी सातला उजेड कमी, 'दिसलं नाही' वाढतं. म्हणून सकाळची वेळ पाऊण तास पुढे ढकलली आणि तक्त्यावर तसं लिहिलं. नोंद वाचणाऱ्याला हे कळायला हवं.

चालक, पुढचा आणि मागचा यांचे टक्के वेगळे ठेवायचे. तिघांची सरासरी काढली की चालकांचा चांगला आकडा मागच्या सीटचं दुखणं झाकून टाकतो.

५ जानेवारी २०२६

रस्ता सुरक्षा महिना. सगळीकडून व्याख्यानाची आमंत्रणं. जिथे बोलवतात तिथे अट : आधी आवारातल्या गाड्यांची मागची दारं उघडून द्या, बोलणं दहा मिनिटं. काही ठिकाणी नकार येतो. ठीक.

२४ जानेवारी

साहित्य पुढच्या शाळांकडे. फैजपूरच्या बाजूला उतारफळी आणि बोर्ड, धुळ्याला पेटी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात बकल काढण्याचं काम घ्यायचं असेल तर बैठक उचलण्याची पद्धत आधी एका गाडीवर शिकवून मगच गावात जावं.

पाठवताना : बोर्ड उभाच ठेवावा, आडवा टाकला तर पोचल्यावर पट्टा अडलेला वाटेल. फीत झिजली की बदलावी, दोरा जाड घेऊ नये, जाड दोरा फितीसारखाच वागतो. माती नव्याने भिजवावी लागेल. नदीकाठची गाळमाती नको, वाळल्यावर भेगाळते. विटा तिकडेच मिळतील.